दुपारी बघणाऱ्या काकू

आई गेल्यावर आठ वाजले की घरात काय करायचं, हे मला कळेनासं झालं होतं. तिची आणि माझी ती वेळ मालिकेची. किहीमला आमचं दोन खोल्यांचं घर, मागे सात-आठ माड. जवळच्याच एका कॉटेजवाल्यांकडे मी बुकिंग बघते. दिवसभर फोनवर मुंबई-पुण्याच्या माणसांशी बोलून घरी यायचं, भात टाकायचा आणि आईशेजारी बसायचं. ती पडद्यावरच्या माणसांना नावं ठेवायची आणि मी हं हं करायची. ती गेल्यावर एकदा मी टीव्ही लावला. जाहिराती सुरू झाल्या, सवयीनं मी बाजूला बघितलं आणि मग टीव्ही बंदच केला. पुढे बरेच दिवस लावला नाही.

कॉटेजवर उतरलेल्या एका बाईंशी बोलता बोलता मालिकेचा विषय निघाला. त्यांनी मला त्या मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. फोनवरचा ग्रुप, दोनशेच्या आसपास माणसं. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. नावापेक्षा गावावरूनच ओळख. पुण्याचे सर, ठाण्याची मुलगी, नाशिकच्या वहिनी. मी झाले किहीमची ताई.

पहिल्याच दिवशी मी लिहिलं, ‘ही मालिका आईबरोबर बघायचे. आता ती नाही.’ लगेच हात जोडल्याची पंचवीस-तीस चित्रं आली आणि गाडी पुन्हा मालिकेवर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला एक मेसेज आला. ‘किहीमच्या ताई तुमच्या आईला मालिकेत कोण आवडायचं ते सांगा की’. तो दिघीच्या काकूंचा होता.

मी कॉटेजच्या ऑफिसात बसून त्यांना भलं मोठं उत्तर लिहिलं. आईला ती मोठी जाऊ कशी आवडायची नाही, ती पडद्यावर आली की आई कशी पाठ फिरवून बसायची, सगळं. आई गेल्यापासून तिच्याबद्दल मी एवढं कोणाशी बोलले नव्हते.

दिघी म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं, पण खालच्या अंगाला, खाडीपलीकडचं. काकूंच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आलेला, एवढं ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं. रात्री आठला त्यांना भरवायची, पुसायची, झोपवायची वेळ. म्हणून काकू मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बघायच्या, तोच भाग पुन्हा लागायचा तेव्हा. यजमानही बघायचे, पडल्या पडल्या. मग अडीचनंतर काकूंचा मेसेज यायचा. तोवर ग्रुपवर त्या भागाचा पार चोथा झालेला असायचा आणि माणसं पुढच्या भागात काय होणार यावर भांडत असायची. मध्येच काकू कालच्यावर बोलायच्या.

शिवाय त्या टाइप करत नसत. फोनवरचं माइकचं बटण दाबून बोलायच्या आणि फोन ते आपल्या शुद्ध भाषेत लिहायचा. त्यामुळे आमच्यासाठी नसलेलंही त्यात येऊन पडायचं. ‘आज सासऱ्यांनी तिला बरं सुनावलं थांबा हो पाणी देते सुनावलं ते बरंच केलं कोणीतरी बोलायला हवंच होतं’. किंवा ‘ती खरी बहीण नाहीच नाही नाही बहीण नाही जाऊ आहे बरं बरं जाऊ’. स्वल्पविराम नाही, काही नाही. ग्रुपवर हसायचे लोक. प्रेमानंच हसायचे, आधी तरी.

वर्षभरात मी ग्रुपची ॲडमिन झाले. म्हणजे कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, भांडण मिटवायचं. पुण्याचे सर दुसरे ॲडमिन. मला ते काम जमायचं. कोणत्या खोलीत कोण, कोणी कधी यायचं, कोणाची पोरं लहान म्हणून खालची खोली द्यायची, हेच तर मी दिवसभर करत होते.

भांडण झालं ते सासऱ्यांच्या मरणावरून. मालिकेतल्या. ठाण्याची मुलगी फोनवरच्या ॲपवर भाग आदल्या दिवशीच बघायची. तिनं सकाळी नऊला लिहून टाकलं, ‘सासरे गेले! रडून रडून हालत खराब.’ आम्ही बाकीचे संध्याकाळी बघणार होतो. पुण्याचे सर भडकले. ‘आमच्या वर्षभराच्या बघण्याची माती केलीत’, असं त्यांनी लिहिलं. ती म्हणाली, ‘मग तुम्हीपण ॲप घ्या ना.’ दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली. चार जण ग्रुप सोडून गेले. तीन दिवस मालिकेवर कोणी बोललंच नाही, फक्त मालिकेवर कसं बोलायचं यावरच बोलत होते.

एकानं सुचवलं, आधी सावधान लिहायचं आणि दहा ओळी मोकळ्या सोडून मग काय ते लिहायचं. दुसरा म्हणाला, दर भागाला तारीख घालून वेगळं बोलायचं. कोणी म्हणे ॲपवाल्यांना काढा, कोणी म्हणे टीव्हीवाल्यांनी सकाळी ग्रुप उघडू नये. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा मेसेज आला. ‘सगळ्यांचं बघून झालं की मगच बोललं तर नाही का चालणार माझं दुपारचं बघून होऊ दे मग बोला की सगळेजण तेवढंच मलापण तुमच्यासंगं बोलता येईल उशी सरळ करते थांबा’.

त्या उशीवर कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. मूळ मुद्द्याला कोणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही.

रविवारी मी मतदान ठेवलं. तीन पर्याय. एक, आहे तसंच चालू द्यायचं. दोन, तीन वेगळे ग्रुप करायचे. तीन, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणीच बोलायचं नाही. तिसरा पर्याय मी काकूंसाठी घातला होता. तो घातला म्हणजे त्यांना न्याय दिला, असं मला खरंच वाटलं. मत मात्र मी दुसऱ्याला दिलं. कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसायचं. तिसऱ्याला एकच मत होतं, काकूंचं.

मग मी कामाला लागले. तीन ग्रुप केले. ‘आजचा भाग’ हा मुख्य. तो साडेआठला उघडायचा, दहाला आम्ही कुलूप घालायचो, म्हणजे त्यानंतर कोणाला लिहिता यायचं नाही. ‘पुढचं’ हा ॲपवाल्यांचा. आणि उरलेलं सगळं, वाढदिवस, फुलांचे फोटो, उशिरा बघणारे, यांच्यासाठी ‘गप्पा’. नियम मीच लिहिले, सात. तिसरा: ‘भागाशी संबंध नसलेलं सगळं गप्पामध्ये.’ सहावा असा होता: ‘मेसेज पाठवण्याआधी एकदा वाचून बघावा.’ तो लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

पुण्याच्या सरांनी माझं कौतुक केलं. ‘ताई, सरकार चालवायला द्यायला हवं तुमच्याकडे.’ मला फार बरं वाटलं. आई गेल्यापासून कोणी माझं कौतुक केलं नव्हतं, हेही त्यात होतं.

काकूंनी मला एकटीला मेसेज केला. ‘ताई मी आता कुठे बोलू’.

मी लिहिलं, ‘काकू, तुमच्यासाठी खास गप्पांचा ग्रुप केलाय. तिथे कधीही बोला. वेळेचं बंधन नाही.’

‘बरं’, त्या म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात मी आणि नाशिकच्या वहिनी त्यांना तिथे उत्तर देत होतो. मग उन्हाळ्याच्या सुट्टीतला पर्यटकांचा सीझन सुरू झाला, शनिवार-रविवार मला जेवायला सवड नसायची. ‘गप्पा’चा आवाज मी बंद करून ठेवला. ‘आजचा भाग’ जोरात चालला होता. दीड तास, शिस्तीत, मजेत. भांडण नाही की उशी नाही.

सीझन सरला, पावसाळा आला, गेला. गणपतीनंतरचा एक सोमवार. कॉटेज जवळपास रिकामं. सकाळी अकराच्या सुमाराला पाहुण्यांच्या ओळखपत्राचा फोटो घ्यायला गेले तर फोन म्हणाला, जागाच नाही. म्हणून मी बसून जुनं जुनं पुसायला लागले. ‘गप्पा’ उघडला तो पुसून टाकण्यासाठीच.

वाचायचे राहिलेले शंभरएक मेसेज होते. वर वर सरकवत गेले. सगळे एकाच नंबरवरचे. रोजचा एक, दुपारी अडीच ते तीनच्या मध्ये. नाशिकच्या वहिनींचं शेवटचं उत्तर वैशाखातलं. त्यानंतर कोणीच नाही.

मी पुसायचं थांबवलं आणि पहिल्यापासून वाचायला बसले.

सुरुवातीचे लांब होते. भाग कसा झाला, कोण चुकलं, कोणाची साडी चांगली होती. आणि मधून मधून ते आमच्यासाठी नसलेलं. ‘तोंड पुसते थांबा’. ‘हात नका आपटू कळलं मला चुकलं माझं’. ‘हसताय काय’. मग आषाढाच्या आसपास मालिका कमी झाली आणि दुसरं वाढलं. ‘आज नवरा घरी आला तिचा खा की दोन घास आला पण बोलला नाही दोनच घास खा’. ‘डोळे उघडा बघा ती आली तुमची लाडकी’. ‘आज अर्धंच बघितलं ह्यांना दम लागला’. पुढे एक मेसेज नुसताच होता, ‘ऐकताय ना’. तो आमच्यासाठी होता की त्यांच्यासाठी, मला अजून कळलेलं नाही.

श्रावणात मध्ये पाच दिवस काहीच नव्हतं. मग एक मेसेज. ‘मालिका बघितली नाही. हे गेले. मंगळवारी सकाळी.’

त्यात टिंबं होती. जागच्या जागी, तिन्ही. मी ती टिंबं बघत बसले. म्हणजे हा बोलून लिहिलेला नव्हता. एकेक अक्षर शोधून, बोटानं लिहिलेला होता, आणि पाठवण्याआधी वाचून बघितलेला होता.

त्यानंतर ग्रुपमध्ये काही नव्हतं. दीड महिना झाला होता.

ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “काय गं, कोणाचा निरोप आला काय?” मी नाही म्हटलं. बाहेर जाऊन विहिरीपाशी उभी राहिले. त्या मंगळवारी आपण काय करत होतो, हे आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना. संध्याकाळी मालिका बघितली असणार, दहाला कुलूप घातलं असणार.

फोन करायला मला दोन दिवस लागले. केला तेव्हा पलीकडून बारीक आवाज आला, “कोन?”

“काकू, मी किहीमची.”

त्या म्हणाल्या, “हां. बोला.”

“मला आत्ता कळलं, काकू. मी भेटायला येऊ का?”

“या की. मी घरीच हाय.”

अलिबागहून सकाळची एसटी धरली. रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. फेरीबोटीत मोटारी, मोटरसायकली, एक टेम्पो भरून कोंबड्या. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात मी काय बोलायचं ते मनात चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा मला ते खोटं वाटलं.

दिघीला उतरून विचारत गेले. कौलारू घर, अंगणात वाल पसरलेले वाळत. काकू दारातच उभ्या होत्या. माझ्या मनातल्या काकू आडव्या बांध्याच्या, बोलघेवड्या. ह्या अगदी बारीक, साठीच्या, हात मात्र मजबूत. माणूस उचलून उचलून झालेले. त्यांच्या तोंडाकडे बघायला मला धीर होईना म्हणून मी हातांकडेच बघत राहिले.

बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट अजून तशीच होती. गादी काढलेली. समोर टीव्ही, त्याच्यावर टॉवेल टाकलेला. मला खुर्ची दिली आणि त्या खाटेच्या पट्ट्यांवर टेकल्या.

“कोरा चा चालंल का? दूध आणाया कोन जात न्हाय आता.”

“चालेल.”

चहा झाला. मी म्हटलं, “काकू, तुम्ही रोज लिहीत होतात. मी वाचलंच नाही. कोणीच वाचलं नाही.”

“ठाव हाय मला,” त्या म्हणाल्या. “धा-पंधरा दिसांतच कळलं. वाचलं का त्या खुना निळ्या व्हतात ना, त्या व्हत न्हवत्या. लेकीनं दाखवलं.”

“मग तरी लिहीत होतात?”

“ह्यांच्यासाठी गो. ह्यांना बोलता येत न्हवतं. ऐकू यायचं, समजायचं सगलं. भाग संपला का मी फोनात मोठ्यानं सांगायची, काय काय झालं ते. मुद्दाम एखादं चुकीचं सांगायची. बहीनीला जाऊ, जावेला बहीन. मग हा चांगला हात व्हता ना,” त्यांनी आपला उजवा हात खाटेच्या दांडीवर दोनदा आपटला, “असा आपटायचे. चुकलीस म्हनून. तेवढंच बोलनं व्हायचं आमचं.”

मी रिकामा कप खाली ठेवला.

“तुमी समदी हसायची ना पयले,” त्या म्हणाल्या, “मी वाचून दावायची ह्यांना. दोनशे मानसं आपलं ऐकतात बोलायची. ह्यांना लय भारी वाटायचं. मग त्या दुसऱ्या ग्रुपात कोन न्हाय, हे ह्यांना मी सांगितलं न्हाय कधी. आपलीच उत्तरं बनवून सांगायची. पुन्याचे सर असं बोलले, किहीमची ताई असं बोलली.”

“मी काय बोलले होते, काकू?”

“तू?” त्या क्षणभर विचारात पडल्या. “तू नेमी माझ्याच बाजूनं बोलायचीस.”

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. उठून आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून माझ्याजवळ ठेवला आणि परत बसल्या.

“येक सांगू का बाय,” त्या म्हणाल्या, “रोजचं ते काय, त्याचं काय वाटायचं न्हाय. पन हे गेल्यावर लिवलं ना, तेव्हा वाटलं, कोनीतरी बोलंल. चष्मा लावून, नीट करून पाठवलं. दोन दीस फोन हातातनं सोडला न्हाय. म्हटलं, मानसं कामात असतात, बगतील. मग लेकीनंच काढून घेतला फोन.”

“चुकलं माझं, काकू. माफ करा.”

“तुझं काय चुकलं? सगल्यांची मतं घेतलीस की तू.”

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी रीतीनं सगळं केलं होतं आणि त्या एकट्या पडल्या होत्या, यात त्यांच्या लेखी माझा काही दोष नव्हता. मला वाटलं, यापेक्षा त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

निघताना त्यांनी पिशवीत वाल घालून दिले. मी नको नको म्हणत होते. “तुझ्या आईला आवडायचे म्हनालीस ना येकदा,” त्या म्हणाल्या. मी तसं कधी लिहिलं होतं, हे मला आठवत नव्हतं.

घरी येऊन मी ‘आजचा भाग’मध्ये सगळं लिहिलं. काकूंनी केलेले मेसेज, त्यांचे यजमान गेल्याचं, आपल्यापैकी कोणीच ते वाचलं नाही हे. शिव्या खायच्या तयारीनं लिहिलं. पण शिव्या कोणी दिल्या नाहीत. हात जोडल्याची चित्रं आली, पणत्या आल्या, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेली फुलांची चित्रं एकाखाली एक येऊन पडली. मालिकेचा भाग त्यात वाहून गेला. साधारण शंभर झाल्यावर पुण्याच्या सरांनी लिहिलं, ‘काकूंच्या दुःखात आपण सर्व सहभागी आहोत. पुढील श्रद्धांजली कृपया गप्पामध्ये टाकाव्यात, म्हणजे आजच्या भागावर बोलता येईल.’

नियम माझाच होता. तिसरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मी फोन समोर घेऊन बसले. म्हटलं, आज त्या काहीतरी बोलतील. पावणेतीनला पडद्यावर बारीक अक्षरांत ओळ आली, की दिघीच्या काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या. मग दुसऱ्या ग्रुपवर तीच ओळ, मग तिसऱ्यावर. मी ठाण्याच्या मुलीला फोन केला. आमचं कधी बोलणं नव्हतं, पण का कोण जाणे तिलाच केला. ती म्हणाली, “ताई, त्या दिवशी मी सासऱ्यांचं आधी सांगितलं नसतं ना, तर हे काहीच झालं नसतं.” आणि रडली. ती एकवीस वर्षांची होती. मी तिला म्हटलं, तुझा काही संबंध नाही.

ॲडमिनपद मी त्याच आठवड्यात सोडलं. सरांनी कारण विचारलं, मी वेळ होत नाही म्हणून सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात मालिका संपली. शेवटच्या भागाला सगळे एकत्र आले, आणि मग ग्रुप हळूहळू गप्प झाला.

काकूंना मी दर मंगळवारी फोन करत होते. सुरुवातीला त्या बोलायच्या. वालाचं, पावसाचं, मुंबईला कामाला असलेल्या पुतण्याचं. मालिका त्या बघत नव्हत्या. मी कधी तो विषय काढला की म्हणायच्या, “नको गो, येकटीला कलत न्हाय.” मग फोन कमी झाले. दोनदा वाजून वाजून बंद झाला.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीनं उचलला. ती पनवेलला राहते. आईला तिनं आपल्याकडे आणलंय. दिघीचं घर बंद केलं, खाट कोणाला तरी देऊन टाकली.

“आईला देता का?” मी विचारलं.

तिनं फोन बाजूला धरून हाक मारली. किहीमच्या ताई आहेत म्हणाली. पलीकडे टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता. कसलीतरी बातमी. काकू काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही.

“आई झोपलीय,” लेक म्हणाली. “नंतर करते म्हणाली.”

मी बरं म्हटलं.